टोचणीची कथा

यंदाच्या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. ते साहजिकच आहे. ज्याचा जन्म गिरणगावात गेला आणि ज्याचे केस युनियनच्या कचेरीत पांढरे झाले, त्याने दुसऱ्या कशावर बोलावे? परंतु आम्ही त्यांना म्हणालो, 'यंदा आम्हांला रोगप्रतिकारशक्तीवर बोलू द्या.' चिटणिसांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि 'बरे' म्हणाले. त्या 'बरे'मधली शंका आम्हांला समजली. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा दहावीला संपली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मंडपात. म्हणून हा विषय आम्ही का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

सन २०२१ मध्ये करोनाची लस आली. त्या वेळी आम्ही कंत्राटी सफाई कामगारांच्या एका वस्तीत लस घ्या, लस घ्या, असे सांगत हिंडत होतो. एका संध्याकाळी पंचवीसतीस माणसे जमली. त्यांत झाडूखात्यातल्या एक वयस्क मावशी होत्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा : 'भाऊ, मेलेला रोग अंगात घातल्यावर माणूस जित्या रोगापासून कसा वाचतो, ते समजावून सांगा.' आणि दुसरा : 'सुई घेतली की दोन दिवस ताप येतो म्हणतात. त्या दोन दिवसांची हजेरी कोण भरणार?' आम्ही सभांतून तीस वर्षे बोलत आलो आहोत. प्रश्नाला उत्तर नाही असे सहसा होत नाही. त्या दिवशी मात्र दोन्ही प्रश्नांना आमच्याजवळ धड उत्तर नव्हते. 'सरकार सांगते, डॉक्टर सांगतात,' एवढेच आम्ही म्हणालो. मावशी हसल्या आणि उठून गेल्या. आजचे व्याख्यान हे त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

मूळ शब्दापासून सुरुवात करू. ज्याला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो, त्याला युरोपातील भाषांत जो शब्द आहे, तो लॅटिनमधील 'इम्यूनिस' या शब्दावरून आला. त्या शब्दाचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. ज्याला सरकारी कर माफ, वेठबिगार माफ, तो इम्यूनिस. आपल्याकडे इनामदाराला सारा माफ असे, तसाच हा प्रकार. पुढे रोगाच्या बाबतीत तो शब्द वापरात आला : एकदा रोगाचा कर भरला की पुन्हा भरावा लागत नाही, असा माणूस. ही गोष्ट लोकांच्या ध्यानात फार पूर्वी आलेली होती. इ. स. पूर्व ४३० मध्ये अथेन्स शहरात भयंकर साथ आली. तिचे वर्णन करताना थ्युसिडिडीस या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे की, रोग्यांची शुश्रूषा जे स्वतः त्या रोगातून उठले होते तेच निर्भयपणे करीत, कारण तो रोग त्यांना पुन्हा जीवघेणा होत नसे. आपल्या घरांतूनही हे ज्ञान होते. देवी येऊन गेलेल्या म्हातारीलाच देवी आलेल्या मुलाजवळ बसवीत. तिने सूक्ष्मदर्शक यंत्र पाहिलेले नव्हते, पण तिला ठाऊक होते की, शरीराला आठवण असते.

ही आठवण रोग न भोगता मिळवता येईल काय, हा प्रश्न पुढचा. हिंदुस्थानात, चीनमध्ये आणि तुर्कस्थानात देवीच्या फोडातील पू किंवा खपली निरोगी माणसाला देण्याची चाल होती. बंगालकडे हे काम करणारे टीकादार गावोगाव फिरत. त्याने बहुधा सौम्य देवी येत आणि माणूस जन्माचा सुटे. परंतु काही जण दगावत आणि त्यांच्यापासून इतरांना खरी देवीही लागे. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर या खेड्यातील डॉक्टराने निराळा प्रयोग केला. गाईच्या सडावर येणाऱ्या देवीचा फोड एका गवळणीच्या हातावर आला होता. त्यातील द्रव त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे त्या मुलाला खऱ्या देवीचा पू टोचूनही देवी आल्या नाहीत. लॅटिनमध्ये गाईला 'व्हाक्का' म्हणतात. त्यावरून 'व्हॅक्सिन' हा शब्द झाला.

ही लस अवघ्या सहा वर्षांत मुंबईला पोहोचली, आणि ती कशी पोहोचली हे ऐकण्यासारखे आहे. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. एका माणसाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर, त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या, अशा साखळीने ती बगदाद व बसऱ्यावरून समुद्रमार्गे आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली लस. तिच्या दंडावरून पुढे ती साऱ्या देशात गेली. इतिहासात जेन्नरचे नाव मोठ्या अक्षरांत असते, आणि ते असावेच. परंतु ज्या अनाम मुलांच्या दंडांवरून लस इथवर आली, त्यांचीही आठवण एखाद्या ओळीत असावी, असे आम्हांला वाटते.

जेन्नरला लस का लागू पडते हे माहीत नव्हते. रोग जंतूंमुळे होतात ही गोष्ट लुई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांच्या काळात सिद्ध झाली. प्रयोगशाळेत जंतू दुबळे करून त्यांची लस करता येते, हे पाश्चरने १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या रोगावर दाखवले. १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ मायस्टर या मुलाला त्याने टोचण्या दिल्या व मुलगा वाचला. आता या कथेत दोन माणसे येतात, आणि त्यांच्यापैकी एकाचे नाव आमच्या परळमधील इमारतीवर आहे.

त्यांतला पहिला इल्या मेचनिकॉफ. हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ मध्ये सिसिली बेटावर मेसिना येथे होता. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने एका पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती हिंडत्या पेशींचा गराडा पडलेला! या पेशी परक्या वस्तूला घेरतात आणि गिळतात. त्यांना पुढे भक्षक पेशी असे नाव पडले. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी हेच काम करतात. आपल्या पायात काटा मोडला की जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. आपण म्हणतो, काटा चिघळला. खरे म्हणजे तो लालपणा आणि ती सूज ही शरीराने चालवलेली कारवाई असते. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून जागेवर येतात, जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे बऱ्याच अंशी याच मेलेल्या पेशी. एका घनमिलिमीटर रक्तात सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या ज्या सर्वांत आधी धावतात त्यांचे आयुष्य अगदी थोडे. म्हणून हाडांतील मज्जा त्या रोज दहा हजार कोटींच्या घरात नव्याने तयार करते.

हा झाला पहिला पहारा. त्याच्याही आधी कातडी आहे, नाकातोंडातील चिकट स्राव आहे, जठरातील आम्ल आहे. हे सगळे जन्मतःच मिळते. हा पहारा तत्पर असतो, पण तो जंतूची जात तेवढी ओळखतो. व्यक्ती ओळखीत नाही, आणि आठवणही फारशी ठेवीत नाही. आठवण ठेवणारा पहारा दुसरा. त्याच्याकडे वळण्यापूर्वी मुंबईला जाऊ.

दुसरा माणूस वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला, ज्यू कुटुंबातला. हा मेचनिकॉफचा विद्यार्थी. रशियात ज्यूंना विद्यापीठात पुढे जाण्याचा मार्ग नव्हता. तो पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला. तेथे त्याने पटकीची लस केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. वर्तमानपत्रांतून ग्रंथिक सन्निपात असा शब्द येई. शहराची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या वर होती. १८९७ च्या आरंभीपर्यंत तीतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्यांना हात मिळेनात. जे मालक एरवी महिन्याचा पगार अडकवून ठेवीत, ते नाक्यावर उभे राहून कामगारांची बोली करू लागले आणि रोजचा रोज हातावर देऊ लागले. कामगाराच्या मजुरीला भाव आला, पण तो मरणाच्या दारात आला.

हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत, हाताखाली मोजकी माणसे घेऊन त्याने काम सुरू केले. मांसरसाने भरलेल्या चंबूंत वर तूप तरंगत ठेवायचे. त्या तुपाच्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. पुष्कळ वाढले की ते उष्णता देऊन मारायचे. ही मेलेल्या जंतूंची लस. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःला टोचली, आणि तीही पुढे ठरलेल्या मात्रेहून पुष्कळ अधिक. ताप आला, गाठी दुखल्या, पण तो काम करीत राहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी टोचून घेतले, बाकीच्यांनी घेतले नाही. टोचून घेतलेल्यांत रोग व मृत्यू यांचे प्रमाण इतरांपेक्षा उघडउघड कमी आढळले. हे कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे त्या वेळच्या नोंदी सांगतात. आम्ही तुरुंग आतून पाहिला आहे. तेथे साहेबाला 'नाही' म्हणणे कितपत सोपे असते, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु लस उपयोगी पडली, हेही तितकेच खरे.

आता आमच्या लोकांचा भाग येतो. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. का? वदंता अशी होती की, रुग्णालयात माणसाला मारून त्याच्या देहातून मोमियाई काढतात. आज आपण या वदंतेला हसू. परंतु माणसे कशी नेली जात होती, ते पाहा. घरात शिरून, बायकांच्या अंगाला हात लावून तपासणी, रोग्याला उचलून नेणे, सामानाची जाळपोळ, घराचे छप्पर उघडून टाकणे. १८९७ च्या साथरोग कायद्याने या सगळ्याला आधार दिला. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, ती याच संतापातून. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकरांनी आपल्या घरातील रोगी मुलीच्या तपासणीला विरोध केला. त्यातून दंगल पेटली आणि गोदी व रेल्वेच्या कामगारांनी काम थांबवले. ज्या सरकारने कधी पिण्याचे पाणी दिले नाही, खोली दिली नाही, ते एके दिवशी सोजीर घेऊन दारात येते आणि म्हणते, तुझ्या भल्यासाठी आलो. अशा वेळी अडाणी माणूसच संशय घेतो असे नव्हे, शहाणाही घेतो.

आणि याच काळात दुसरी माणसेही होती. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले. ते पाहून खोजा समाजातील हजारो माणसे पुढे आली. हाफकिनचाही आग्रह असा होता की, लस समजावून द्यावी, सक्तीने देऊ नये. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्याची प्रयोगशाळा गेली. आज तिलाच हाफकिन संस्था म्हणतात. हे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले. लहानपणी आम्ही त्या कुंपणाशेजारून शाळेत जात असू. आत साप ठेवतात, एवढेच आम्हांला ठाऊक होते.

सापांचा उल्लेख आला, तर त्यामागचे शास्त्रही सांगून टाकू. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी बर्लिनमध्ये दाखवले की, धनुर्वाताचे विष अगदी थोड्या मात्रेत जनावराला देत गेले, तर त्याच्या रक्तजलात त्या विषाला उतारा तयार होतो; आणि ते रक्तजल दुसऱ्या जनावराला दिले तर तेही वाचते. सर्पदंशावरचा उतारा घोड्याच्या रक्तजलातून याच रीतीने काढतात. रक्तजलातील या उताऱ्याच्या पदार्थाला प्रतिद्रव्य म्हणतात. ज्या परक्या पदार्थावर ते चिकटते, तो प्रतिजन. प्रत्येक प्रतिद्रव्य आपल्या ठरलेल्या प्रतिजनालाच चिकटते, जशी किल्ली आपल्याच कुलपाला. घोड्याकडून मिळाले ते उसने. काही आठवड्यांत संपते. आईच्या पहिल्या दुधातील चिकातून बाळाला मिळते, तेही उसनेच, पण फार मोलाचे. लशीने मिळते ते मात्र स्वकष्टाचे. शरीर ते स्वतः करायला शिकते, म्हणून ते टिकते.

शरीर शिकते कसे? हे कोडे सुटायला विसावे शतक उजाडावे लागले. मेचनिकॉफ म्हणे पेशी खऱ्या, पाउल एर्लिख म्हणे रक्तजलातील द्रव्ये खरी. १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक दोघांनाही विभागून मिळाले, आणि दोघेही बरोबर होते असे पुढे ठरले. पांढऱ्या पेशींत लसीका पेशी नावाचा वर्ग आहे. त्यांपैकी ज्यांना बी पेशी म्हणतात, त्या प्रतिद्रव्ये करतात. टी पेशींपैकी काही रोगट पेशींना मारतात, तर काही इतरांना हुकूम व मदत देतात. टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होतात. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर याने १९६१ मध्ये दाखवीपर्यंत ती निरुपयोगी समजली जात असे. भक्षक पेशी जंतू गिळून स्वस्थ बसत नाहीत; त्यांचे काही भाईबंद जंतूचे तुकडे आपल्या अंगावर मिरवीत जवळच्या गाठीत जातात व तेथे टी पेशींना दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते यामुळे. तेथे सभा भरलेली असते. प्लेगची गाठ म्हणजे हीच जागा, मात्र तेथे शत्रूने सभाच ताब्यात घेतलेली.

आता प्रश्न असा की, जगात जंतू असंख्य. उद्या कोणता येईल हे शरीराला काय ठाऊक? मॅकफार्लेन बर्नेट याने १९५७ मध्ये उत्तर सुचवले. शरीर हे माप घेऊन कपडे शिवणारे शिंपी नव्हे. ते तयार कपड्यांचे दुकान आहे. लाखो तऱ्हांच्या बी व टी पेशी आधीच थोड्या थोड्या तयार असतात. आलेल्या जंतूला त्यांतली जी बसेल, तिलाच वाढण्याचा हुकूम मिळतो आणि एकीच्या हजारो होतात. इतक्या तऱ्हा तरी कशा होतात? सुसुमु टोनेगावा याने १९७६ मध्ये दाखवले की, शरीर थोड्याशा जनुकांचे तुकडे निरनिराळ्या रीतीने जोडते. साचे खात्यातल्या माणसाला हे सांगायला नको : सुताचे रंग थोडेच, पण त्यांतून नक्षी किती निघतात!

या निवडीला वेळ लागतो. जंतू प्रथमच आला असेल तर प्रतिद्रव्ये पुरेशी व्हायला आठवडा, दोन आठवडे जातात. प्लेगमध्ये माणूस तितके दिवस जगत नसे. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण काही उरतात आणि वर्षानुवर्षे, कधी जन्मभर राहतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या दोन-तीन दिवसांत सज्ज होतात. हीच ती आठवण. मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, परंतु त्याचा चेहरा शाबूत असतो. शरीराला तो चेहरा दाखवून ठेवायचा, म्हणजे जिता जंतू येईल त्या दिवशी पहारेकरी त्याला दारातच ओळखतात. आणि टोचल्यावर येणारा ताप? तो रोगाचा नव्हे. पेशी कामाला लागल्या की त्या जी द्रव्ये सोडतात, त्यांनी अंग तापते. ताप म्हणजे खाते चालू झाल्याची खूण. ताप आला नाही म्हणून लस वाया गेली, असेही मात्र नाही.

शरीराचा पहारा चुकतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आपला कोण आणि परका कोण, हे टी पेशींना शिकवण्यासाठी थायमसमध्ये कडक परीक्षा होते. शंभरांत नव्वदाहून अधिक पेशी तेथेच नापास होऊन मरतात. इतकी कडक निवड आम्ही कोणत्याही गिरणीच्या फाटकावर पाहिली नाही. तरी काही चुकार सुटतात. त्यांना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी शिमोन साकागुची याने १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ चे नोबेल पारितोषिक त्याला व त्याच विषयात काम करणाऱ्या आणखी दोघांना मिळाले. आवर सुटला की शरीर स्वतःवरच उठते : सांधे सुजवणारा एक संधिवात, लहानपणीचा मधुमेह, हे त्यातलेच. कधी निरुपद्रवी वस्तूवर पहारा तुटून पडतो. आमचे वडील कार्डिंग खात्यात होते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी त्यांची छाती भरून येई, अंग कसकसे. कापसाच्या धुळीत मेलेल्या जंतूंच्या कवचाचे अंश असतात; त्यांना पाहून फुप्फुसातला पहारा हल्ला झाला असे समजतो. बहुतांशी त्यामुळे हा त्रास होतो, असे आता मानले जाते. ही धूळ वर्षानुवर्षे पोटात घेतलेली फुप्फुसे पुढे कायमची निकामी होतात. आणि १९८३ मध्ये सापडलेला एड्सचा विषाणू तर मदत करणाऱ्या टी पेशींनाच मारतो. पुढारी गेल्यावर फौज उभी असूनही काही करू शकत नाही.

आता कथेतला दुःखाचा भाग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचून घेतलेली १९ माणसे पुढे धनुर्वाताने मेली. चौकशी झाली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. कार्बॉलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची रीत हाफकिनने स्वीकारली होती. तेच कारण धरले गेले. त्याला कामावरून दूर करण्यात आले आणि तो देश सोडून गेला. पुढे बाहेर आले की, त्या गावी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढायला वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याची बाजू मांडली. तो निर्दोष ठरला. तो पुन्हा हिंदुस्थानात आला, परंतु परळची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचा अंत झाला.

या प्रकरणाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. वरिष्ठाला सोयीचा माणूस पाहून त्याच्या माथी दोष मारणे, ही रीत आम्हांला खात्यातून परिचयाची आहे. म्हणून हाफकिनविषयी आम्हांला आपलेपणा वाटतो. परंतु त्या १९ माणसांच्या बाजूनेही उभे राहिले पाहिजे. ती विश्वासाने पुढे आली होती. लस उत्तम होती, एक चिमटा चुकला. मोठमोठी कामे अशा चिमट्यांवर अवलंबून असतात, आणि चिमटा हाताळणारा बहुधा थोड्या पगाराचा, थोड्या शिकवणीचा माणूस असतो. त्याला नीट शिकवा, नीट पगार द्या, ही मागणी केवळ त्याच्या पोटाची नाही. ती टोचून घेणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची आहे.

देशात प्लेगने पुढल्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. लस सगळ्यांपर्यंत पोहोचली नाही, आणि जिथे पोहोचली तिथेही ती एकटी पुरली नाही. उंदीर, पिसवा आणि अंधाऱ्या खोल्या यांचाही बंदोबस्त करावा लागला. पण देवीचा रोग मात्र लशीने पृथ्वीवरून गेला. भारतातील शेवटची नोंद मे १९७५ ची, आणि ८ मे १९८० रोजी जगाच्या वतीने तो संपल्याचे जाहीर झाले. लस घेतलेल्या माणसाच्या अंगी रोग थांबतो, त्यामुळे शेजारचे तान्हे मूल, अशक्त म्हातारा, जे स्वतः लस घेऊ शकत नाहीत, तेही पुष्कळ अंशी वाचतात. बऱ्याच रोगांच्या बाबतीत असे घडते. एकाने वर्गणी भरावी आणि फायदा साऱ्या चाळीला व्हावा, असा हा हिशेब आहे. आम्हांला तो युनियनमुळे लवकर समजला.

राहिला मावशींचा दुसरा प्रश्न, हजेरीचा. हे उत्तर कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात नाही. आम्ही त्या कंत्राटदाराकडे तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी तो भेटला नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, ताप त्यांना येतो, मी काय करू? तिसऱ्या वेळी आम्ही त्याला इतकेच विचारले की, यांच्या अंगातील पहारा जागा झाला, तर फायदा तुझ्या घरालाही आहे की नाही? एका दिवसाची हजेरी मिळाली. दोन मागितल्या होत्या. दुसऱ्या दिवसाची आम्ही वर्गणीतून भरली. मग बाया रांगेत उभ्या राहिल्या, आणि मावशी सर्वांत पुढे होत्या.

१८९६ चे गिरणी कामगार आर्थर रोडवर चालून गेले आणि २०२१ च्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, यांत शहाणपणाचा फरक आहे असे आम्ही मानीत नाही. त्यांना कुणी समजावले नव्हते, आणि त्यांच्या पोटाचा विचार कुणी केला नव्हता, एवढाच फरक. शरीराला एकदा शिकवले की ते आठवण ठेवते. लोकही ठेवतात. चांगल्याची ठेवतात, तशी जुलमाचीही ठेवतात. पुढची साथ केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती येईल. तोवर आपण लोकांच्या आठवणीत काय भरून ठेवतो, हे आपल्या हाती आहे.